न मागितलेली क्षमा

बेबी: हात जरा वर कर ना, वहिनी. अशी लाकडासारखी काय उभी राहिलीस? टेप फिरवू कुठून मी?

वहिनी: मी मापं द्यायला नाही आले.

बेबी: आली आहेस तर घेऊन ठेवते. पुढच्या महिन्यात आईला वर्ष होतंय, प्रार्थना ठेवलीय, तेव्हा काळा ड्रेस लागेलच. अगं बाई, कंबरेत किती उतरलीस! मागच्या मापाचं शिवलं तर गोणपाट दिसेल अंगावर.

वहिनी: टेप ठेव खाली. रविवारी चर्चमधून निघताना फाटकापाशी तू मला काय म्हणालीस, ते पुन्हा म्हण.

बेबी: चांगलंच म्हणाले की.

वहिनी: म्हण ना.

बेबी: म्हणाले, वहिनी, आईच्या बाबतीत जे झालं, त्याबद्दल मी तुला मनापासून क्षमा केली. आता माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही.

वहिनी: आता नाही. म्हणजे आधी होतं.

बेबी: अगं, तेच तर काढून टाकलं! तुला हलकं वाटायला हवं.

वहिनी: घरी आले, दूध तापत ठेवलं, उतू जाऊन शेगडी विझली तरी कळलं नाही मला. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली होतीस तू. मला वाटलं, दोघी मिळून रडतोय. आणि तू वर्षभर मला आईंची मारेकरी समजत होतीस?

बेबी: शब्द तरी कसले वापरतेस! तसं कुणी म्हटलं का? पण अर्धं अंग लुळं झालेलं माणूस ते. एकटी उठायला गेली आणि पडली. तू तेव्हा गॅलरीत फोनवर होतीस. शेजारच्या काकूंनी पाहिलं. हे खोटं आहे का?

वहिनी: खोटं नाही.

बेबी: मग? तरी मी कधी चकार शब्द काढला? गिळला सगळा राग. पण मागच्या आठवड्यात बायबल अभ्यासात तेच वचन निघालं. मनात कुणाबद्दल अढी ठेवून प्रार्थनेला उभं राहायचं नाही. आणि आमच्या मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे. वचन नुसतं वाचून उपयोग नाही, आठवड्याच्या आत करायचं आणि मंगळवारी उभं राहून सांगायचं.

वहिनी: ठाऊक आहे. हे घरी येऊन सांगतात ना सगळं. बेकरीवाल्याने शेजाऱ्याची शिडी परत केली, तर केवढ्या टाळ्या वाजल्या म्हणे.

बेबी: हस तू. मला किती मंगळवार सांगण्यासारखं काही नव्हतं. अभ्यास घेणारे मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, बेबी, तुमची पाटी कोरीच का? कसनुसं झालं मला. मग एक दिवस मशीन बंद करून बसले, डोळे मिटले, मनात अगदी तळापर्यंत शोधलं...

वहिनी: आणि मी सापडले.

बेबी: असं तिरकं नको बोलूस गं.

वहिनी: बेबी, ती क्षमा परत घे.

बेबी: काय?

वहिनी: परत घे. मी मागितली नव्हती. घेतली तर मी गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. मला त्याच घरात राहायचंय, आईंची खोली रोज झाडायचीय. कशी जाऊ त्या खोलीत?

बेबी: क्षमा म्हणजे काय शिवण आहे, बसली नाही म्हणून उसवायला? आणि तिकडे एवढं सांगून झाल्यावर मी आता...

वहिनी: कुठे सांगून झाल्यावर?

बेबी: कुठे नाही.

वहिनी: बेबी. तू अभ्यासात सांगितलंस?

(मास्तरीणबाई दुकानात येतात.)

मास्तरीणबाई: बेबी, झाले का गं माझे पडदे? अरे वा, तुम्हीही इथेच! नणंद-भावजय असाव्यात तर अशा. मी आजच मास्तरांना म्हटलं, बेबीच्या वहिनींना एकदा भेटायला हवं. कालच्यासारखा मंगळवार आमच्या मंडळात झाला नाही हो.

वहिनी: काय झालं काल?

मास्तरीणबाई: तुम्हाला बेबीने सांगितलं नाही? ही उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या आईच्या मरणाबद्दल मी माझ्या वहिनीला क्षमा केली. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना धार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. चूक कुणाच्याही हातून होते. आता आम्ही सगळे रोज तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहोत.

वहिनी: रोज?

मास्तरीणबाई: नाव घेऊन! आणि तुमचे मिस्टर... केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! आई तर त्यांचीही. पण बेबीचं बोलणं संपलं आणि सगळ्यांत आधी आमेन कोण म्हणालं? तेच. मान खाली होती, पण आवाज अगदी स्पष्ट. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

बेबी: बाई, पडदे संध्याकाळी पाठवते. इस्त्री राहिलीय.

मास्तरीणबाई: पाठव, पाठव. येते मी. तुम्ही खात जा हो काहीतरी, किती वाळलात.

(मास्तरीणबाई जातात. बेबी दुकानाचं दार लोटून घेते.)

बेबी: बस, वहिनी. पाणी देऊ? त्या बाईंच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही.

वहिनी: खरंच हेच आधी म्हणाले?

बेबी: हो. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, दादाच्याही मनातून गेलं एकदाचं.

वहिनी: काय गेलं?

बेबी: तुझ्यावरचा राग.

वहिनी: फोन ह्यांचाच होता, बेबी.

बेबी: कुठला फोन?

वहिनी: त्या दुपारचा. ऑफिसातून केला होता. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, बॅगेतले कागद तेलकट झाले, साहेब चारचौघांत बोलले. तो सगळा राग माझ्यावर निघत होता. आईंनी आतून हाक मारली. मी म्हटलं, आई बोलावताहेत, ठेवते. हे म्हणाले, मी बोलतोय तोवर फोन ठेवायचा नाही. मी नाही ठेवला. आईंनी पुन्हा हाक मारली. मग हाक आली नाही, आवाज आला. ह्यांनाही ऐकू गेला. विचारलं, काय पडलं?

बेबी: नाही गं... दादा तर म्हणाला होता, ती फोनवर होती.

वहिनी: होतेच की.

बेबी: देवा! तू बोलली का नाहीस?

वहिनी: हॉस्पिटलच्या जिन्यात माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, फोन कुणाचा होता ते काढू नकोस, मी तोंड दाखवू शकणार नाही. मीही बायबल वाचते गं. आईंपाशी कुणीतरी हवं म्हणून तुमच्या मंडळात आले नाही, पण त्यांना रोज मोठ्याने वाचून दाखवायचे. प्रेम दुसऱ्याचं पाप झाकतं, ते त्यांना फार आवडायचं. पुन्हा वाच म्हणायच्या. म्हणून मी झाकलं. वाटलं, हे आमच्या दोघांतच राहील. ते माझ्याच माथी आलंय, हे मला रविवारी कळलं.

बेबी: येत्या मंगळवारी मी उभी राहते. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगते. दादा तिथेच बसलेला असेल.

वहिनी: नको.

बेबी: का नको? मी घाण केली, मीच निस्तरायला हवी.

वहिनी: तू सांगशील, मग मास्तर उठतील आणि ह्यांना क्षमा करतील. बेकरीवाला करेल. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांना पुन्हा धार लागेल. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसरं वचन.

बेबी: मग मी करू तरी काय? तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय मला.

वहिनी: माझं नाव घेऊन प्रार्थना करू नका म्हणावं त्यांना. एवढं कर.

बेबी: आज घरी जाऊ नकोस. माझ्या मागच्या खोलीत राहा. दादाला काय सांगायचं ते मी बघते.

वहिनी: संध्याकाळी जेवायच्या आधी आम्ही दोघं प्रार्थना करतो. आईंचा पलंग होता ना, तिथेच बसून. हे मोठ्याने म्हणतात. 'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर' इथपर्यंत येतात आणि थांबतात. रोज थांबतात, बेबी. मी डोळे मिटून वाट बघते. वाटतं, आता बोलतील. मला बोलतील, नाहीतर देवाला तरी. मग आमेन म्हणतात आणि ताट पुढे ओढतात.

बेबी: आणि तू वर्षभर वाट बघत राहिलीस?

वहिनी: मला वाटायचं, ह्यांच्या घशातून शब्द निघत नाही. कीव यायची. काल म्हणे आवाज अगदी स्पष्ट होता.

बेबी: वहिनी, नको ना जाऊस.

वहिनी: माप घे.

बेबी: आता?

वहिनी: आईंच्या प्रार्थनेला ड्रेस लागेल म्हणालीस ना. घे लवकर. उजेड आहे तोवर घरी पोचायचंय.

बेबी: हात वर कर. संध्याकाळी बसशील हे सगळं कळल्यावर त्याच्यासमोर?

वहिनी: बसेन. आज हे थांबले, की वाट न बघता आमेन मी म्हणेन.