कच्चं खमीर

मुलगी : मग डबी गेली कुठे, बाबा? पाय फुटले तिला?

बाबा : मी उचलली.

मुलगी : का? आठ दिवस घेतेय मी त्या कॅप्सूल. गुरुवारी रक्त तपासायचंय. पांढऱ्या पेशी याही वेळी कमी भरल्या, तर केमोचा चौथा डोस पुन्हा पुढे जाईल. गाठ काही माझी वाट बघत थांबणार नाही.

बाबा : डबीवर यीस्ट लिहिलंय.

मुलगी : यीस्टपासून काढलेलं बीटा-ग्लुकन लिहिलंय. अर्धंच वाचलंत. जन्मभर यीस्टवर घर चालवलं, आणि आता बेकरीवाल्याला यीस्टची भीती!

बाबा : पूर्ण वाचलं. चष्मा लावून, दोनदा. ‘काही रुग्णांना उपयोग होऊ शकतो’ हे मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. ‘शकतो’च्या भरवशावर मी भट्टीसुद्धा पेटवत नाही.

मुलगी : वकीलच व्हायचं होतंत. अहो, त्यात जिवंत काही नसतं. पेशीचं कवच तेवढं, धुऊन वाळवलेलं. त्यानं म्हणे शरीरातले पहारेकरी जागे होतात.

बाबा : डॉक्टरीणबाईंना विचारलंस?

मुलगी : त्या रागावतील. विचारलंच त्यांनी, तर ‘काही घेत नाही’ म्हणेन. एवढ्याशा ‘नाही’नं कुणाचं काय बिघडतंय?

(बाबा खुर्ची ओढून बसतात.)

बाबा : मीही अगदी असंच म्हणालो होतो. त्याच बाईंना.

मुलगी : आईच्या वेळी? काय देत होतात तुम्ही तिला?

बाबा : खमीर. पाव फुगवायचं आपलं आंबवलेलं पीठ. तिच्याही पेशी अशाच खाली गेल्या होत्या. एक गिऱ्हाईक म्हणालं, यीस्टनं रक्त सुधारतं. मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? बरणी घरात आहे, तिनं स्वतः लावलेली. रोज सकाळी चमचाभर, पाण्यात कालवून.

मुलगी : कच्चं?

बाबा : भाजल्यावर ते मरतं, हे मला ठाऊक. म्हणून मुद्दाम कच्चं दिलं. मेलेल्याचा काय उपयोग, असा माझा हिशेब. तीस वर्षांचा कारागीर मी! ज्याच्या अंगात लढायचं बळ उरलेलं नाही, त्याच्या पोटात जिवंत काही घालू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलगी : बाबा...

बाबा : बाराव्या दिवशी ताप चढला. बाईंनी विचारलं, “कच्चं, आंबवलेलं काही देता का?” मला लाज वाटली. म्हटलं, “नाही.” तीन दिवस त्या भलत्याच औषधांनी तापाशी झुंजत राहिल्या. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात यीस्ट वाढलेलं.

मुलगी : तुम्ही आम्हाला सांगितलंत, आजारानंच नेलं.

बाबा : सगळ्यांना तेच सांगितलं.

मुलगी : आणि ते खमीर?

बाबा : आहे. रोज पहाटे झाकण काढलं की उसासा टाकतं. पीठ घालतो, पाणी घालतो. ते फुगतं, श्वास घेतं. तिच्या हातचं आहे. टाकून दिलं तर ती पुन्हा एकदा जाईल. ठेवलंय, तर रोज विचारतं.

मुलगी : आणि मी आठ वर्षं त्याचाच पाव खातेय.

बाबा : हो.

मुलगी : माझ्याकडे बघू नका आत्ता. थोडा वेळ बघू नका.

बाबा : नाही बघत. रागाव. पण तुझ्या कॅप्सूल चांगल्या की वाईट, हे मला कळत नाही, आणि तुलाही कळत नाही. औषधांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, ताप आला तर बुरशी शोधायची एक तपासणी करतात. हे पोटात असलं तर ती चुकीचं दाखवू शकते. बाईंना ठाऊक नसेल, तर त्या पुन्हा अंधारात चाचपडतील.

मुलगी : डबी द्या इकडे.

बाबा : घेणार आहेस?

मुलगी : नाही. नाव नीट वाचून सांगावं लागेल ना. फोन लावा. मी बोलते.

बाबा : लावतो. पण आधी मला बोलू दे... हॅलो, बाई? हो, बेकरीवाला. तिची तब्येत बरी आहे, ती बोलेलच तुमच्याशी. मला आधी माझं सांगायचंय. आठ वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात.