गच्चीवर पडणारा अमेरिकेचा किरण

अंतराळातल्या शस्त्रांचं मला नका रे सांगू. ऐंशीच्या दशकात आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगवर त्यांचा हल्ला होता होता राहिलाय!

एप्रिल महिना, म्हणजे पापड वाळत घालायचे दिवस. गच्ची एवढीशी, त्यामुळे जागेवरून बायकांची रोज भांडणं. एका संध्याकाळी तळमजल्यावरचे गोगटे जिन्यात उभे राहून सगळ्यांना सांगायला लागले, "उद्या गच्चीवर कोणी जाऊ नका. अमेरिकेचा उपग्रह वरून किरण सोडून बघणार आहे. माणूस जागच्या जागी भाजून निघेल!"

आमच्या आईने विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या साडूने."

"आणि त्याला?"

"त्याच्या साहेबांनी."

"मग साहेबांना कोणी सांगितलं?"

"अहो वहिनी, या गोष्टी फार गुप्त असतात!"

"एवढ्या गुप्त, तर तुमच्या साडूपर्यंत कशा पोचल्या?"

गोगटे घाईघाईने घरात गेले. तरी दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका घाबरून घरातच बसल्या. आई मात्र पापडांची परात घेऊन वर निघाली, आणि मागून चादर घेऊन मी.

गच्चीचं दार ढकललं तर काय, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नुसते पापडच पापड, आणि मधोमध डोक्यावर छत्री धरून गोगटे कावळे हाकतायत!

आईने वाकून एक अर्धा ओला पापड उचलला, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "किरण झकास पडलाय हो. मीठ तेवढं कमी आहे."