फ्रेमचा तिरपा काप

फ्रेमचा तिरपा काप सोपा असते, असं मले कोणी सांगू नका. तीस वर्षं सुतारकी करून राह्यलो, तरी मागच्या उन्हाळ्यात माती खाल्ली.

मोहर्लीकडचा एक भाऊ आला. त्याची बायको मोहफुलं वेचाले गेली होती, तिथीच वाघानं मारली. "आज तेरवी हाय. फोटोले फ्रेम करून दे," म्हणे. तिच्या खाटेची सागाची पट्टी त्यानंच आणली होती. फोटो एकच, जत्रेतला, दोघं बाजूबाजूला उभे.

मी म्हटलं, "भाऊ, जित्या माणसाच्या फोटोले हार घालत नाईत. तुले कापून टाकू?"

"नाई, राहू दे मले तिच्यासंग."

आता पट्टीची दोन टोकं एकमेकांच्या उलट तिरपी कापा लागते. मी दोन्ही एकाच बाजूनं कापली. सुधराले गेलो तं पट्टी आखूड झाली, मंग समोरचीबी तेवढीच केली. कोपरे असे बसले का सुई जाणार नाई, पण फोटो आत मावेना. दुसरं लाकूड नव्हतं, अन् त्याच्या घरी पाहुणे जमले होते.

"फोटोच दोन्हीकडून थोडा थोडा कापतो," मी म्हटलं.

त्यानं माहा हात धरला.

"तिले आता अजून नको कापू. मले काप. 'संग चाल' म्हणत होती, तवाबी मी घरीच झोपून होतो."