सोनं पडणार म्हणून लिहा

अपेक्षा? काय म्याडम, दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या ‘काका, तुमची अपेक्षा काय’ म्हणलात, मी म्हणलं, नांदेडच्या पाव्हण्यांनीच धाडली ही बाई! आमच्याकडं हा शब्द सोयरिकीत वापरतात हो. हुंडा म्हणायची लाज वाटते आता, म्हणून अपेक्षा. बसा, त्या स्टुलावर बसा, परात सारा तिकडं. म्हणजे तुम्ही विद्यापीठातनं आलात, महागाईवर अभ्यास करायलात, आन विचारायलात की पुढच्या साली भाव किती वाढतील असं मला वाटतं — हाव, आता कळलं. कशाचा सांगू? तेलाचा? डाळीचा? मला एकच भाव दिसतो, म्याडम, सोन्याचा. सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसायच्या आधी मोबाईल बघतो — देवा, माफ कर — आन पूजेला बसलो तरी डोळे मिटले की तोच आकडा.

लगीन हाय ना घरात. म्हणजे ठरलंय. वर्षाराणी माझी, एमएस्सी बीएड, इथंच शाळेवर जाते. पोरगा नांदेडचा, सोमेश, बँकेत हाय, लई गुणाचा. दोघं फोनवर बोलतात, मी उगं हिशेबात डोकं घालून बसतो. हसते हो पोरगी. इतक्या वर्षांत एवढी हसलेली मी बघितली न्हाई. आता एकतिसावं लागलं तिला, किती जणांपुढं पोहे घेऊन गेली, मोजायचं सोडून दिलं आम्ही. आन हे पाव्हणे म्हणले — आठ तोळे. त्याचा बाप हुशार, रुपयात बोललाच न्हाई, तोळ्यात बोलला! मी म्हणलं चालतंय, पोरीच्याच अंगावर राहतंय. मग तवाच घेऊन टाकावं का न्हाई? न्हाई! मी पडलो भांड्याचा व्यापारी. पितळ चढतं तसं उतरतं, तांबं चढतं तसं उतरतं, सोन्याला काय शिंगं फुटलीत? म्हणलं, थोडं थांबू, पडंल. श्रावण आला, म्हणलं श्रावणात नको. मग म्हणलं, मठाचे स्वामी म्हणतात मुहूर्त चांगला न्हाई — स्वामींना मी विचारलं बी न्हाई. भाव वरच. आन मागल्या महिन्यात तर... चुलतभाऊ वारला माझा, तर मी नांदेडला सांगून मोकळा झालो — सुतक हाय. मलप्पाचा फोन आला. मलप्पा म्हणजे बायकोचा भाऊ, मुदखेडला असतो, सोयरीक त्यानंच जमवली. म्हणला, दाजी, लिंगायताच्या घरात सुतक कधीपास्नं? आपल्यात माणूस गेला की शिवाला मिळाला, त्याचा विटाळ कसला — आन ते पाव्हणे बी लिंगायतच हायत, दाजी. — तवापास्नं नांदेडचा फोन न्हाई. सोमेशचा बी न्हाई. पोरगी जेवताना मोबाईल ताटाजवळ ठेवते, बस.

हे मी तुम्हाला कशाला सांगायलोय? तुमचं विचारा. हां — वाढंल, तेवढंच राहील, का कमी होईल. थांबा थांबा, मघाशी काय म्हणलात, पुन्हा म्हणा — लोकाला वाटलं वाढणार, की त्यानंच वाढतं? तुमच्या त्या मॉडेलात असं हाय? खरं हाय की हो! मीच करतो. पितळ महागणार अशी नुसती हूल उठली की जुन्या मालावर नवा भाव लावून बसतो. गिऱ्हाईक बी उद्याच्या भीतीनं आजच घेतं. म्हणजे ह्या सगळ्या वाटण्याचाच खेळ हाय. मग म्याडम — मग लिहा की! कमी होईल म्हणून लिहा! दाबा त्या मशिनीवरचं खालचं बटण. सोनं पडणार, वीरण्णा भांडेवाल्याला वाटतं सोनं लई पडणार. अहो, खरं काय वाटतं ते कशाला विचारता, वाढणारच असं खरं वाटतंय म्हणूनच तर मरायलोय मी! एकट्याच्या म्हणण्यानं होत न्हाई? किती जण लागतात? सगळं रेणापूर आणतो, दुकानादुकानात हिंडवतो तुम्हाला, भीमाशंकर सोनाराला सुद्धा म्हणायला लावतो. नुसतं ह्या उन्हाळ्यापुरतं पडू द्या, मग खुशाल चढू द्या आभाळाला. पाया पडतो माय तुमच्या. माझ्या पोरीच्या वयाच्या आहात तुम्ही, तरी पडतो. जवळच्या सगळ्या पैशात आठ तोळे होत न्हाईत हो, आता सहा बी होत न्हाईत, रोज कमीच होतंय. आन पाव्हण्यांना तोंड उघडून सांगायची लाज वाटते मला. बाजारात पत हाय माझी —

थांबा. मलप्पाच हाय. — हां, बोल. बोल रे, दुकानातच हाय... कुठं? निलंग्याला? कुणाची पोरगी?... सोमेशचं ठरलं? म्हणजे पक्कं?... किती तोळ्यावर?... अरे सांग ना, किती तोळ्यावर ठरलं?... पाच? आठाचे पाच केले? का?... भाव वाढले म्हणून? मुलीच्या बापानं समोर बसून सांगितलं, तर त्यांनी कमी केले?... मग आम्हाला कसं न्हाई... हां. हां. म्या विचारलंच न्हाई. बरोबर हाय. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते?... ठेव. ठेव फोन.

...

काय विचारत होतात तुम्ही? न्हाई, काही न्हाई झालं. तुमच्या मशिनीत काय लिहायचं ते लिहा. पाच जमले असते, म्याडम. घरातच होते.

उठा आता. शाळा सुटली असंल, ती इथनंच येते, दुकानात डोकावल्याशिवाय घरी जात न्हाई. तिच्यापुढं भावाचं काही काढू नका. न्हाई, बसूच नका, जावा तुम्ही. ती परात राहू द्या तिथंच. जावा म्हणलं ना.