गाव बोला

नाही, सही नाही करनार. — हाव, वाचला कागद. दोन डाव वाचला, चष्मा लावून वाचला. 'चालक अजहर यांच्या हलगर्जीपणामुळे हरभऱ्याचे बियाणे उंद्रीऐवजी पुण्यास गेले, यापुढे त्यांना कंपनीचा माल देऊ नये.' आन् खाली — निवृत्ती, गोदाम प्रमुख, चिखली. तिथी माही सही पाह्यजे तुमाले. नाही भेटनार. बसा ना साहेब, उभे काऊन? चहा येऊन राह्यला.

ती गेटावरची साखळी पाह्यली? एकोनतीस वर्षं झाले, ती माह्याच हातानं निंगते. गाडी भरली, ताडपत्री बांधली का ड्रायव्हर गेटापाशी येते, मी म्हनतो — गाव बोल. तो मोठ्यानं बोलते — उंद्री, सहदेवभाऊचं गोदाम, दवाखान्याच्या मांगं. गाव बोलल्याशिवाय साखळी नाही. हसू नोका. त्या बोलन्यात सगळंच येऊन जाते — रस्ता कुठी खचला ते मी सांगतो, हमाल कवा जेवाले जातात ते सांगतो. तो म्हनते काका, मांगच्या टायमाले चार घंटे बसवून ठेवलं — तं तिथंच, त्याच्यासमोर सहदेवले फोन लावतो आन् झाडतो. तुमी परवा फळ्यावर लिहिलं ना, 'वाहतूकदारांशी चांगले संबंध'? आमाले माहीतच नवतं बापा त्याले संबंध म्हनतात. आमी गाव बोलनं म्हनतो.

आन् अजहर कोन हाये, हे तरी माहीत हाये का? वडनेर भोलजीचा. त्याच्या बापानं, मेहबूबनं, पह्यली गाडी घेतली तं पह्यला माल इथूनच भरला. एका साली पूल वाहून गेला, तं दोन दिवस रस्त्यावर बियानं झाकून बसला मेहबूब — सोता भिजला, पोतं नाही भिजू देल्लं. कोनं सांगतलं होतं त्याले? कोनीच नाही.

मंग तुमी आले ॲप घेऊन. ड्रायव्हरसंग बोलाचं नाही, टाइम जाते. ॲप गाव दाखवते, गाडी तिकडं जाते. साखळी उघडी ठेवा. सगळ्याईसमोर म्हनले तुमी — 'काका, हे गाव-बिव बोलनं बंद करा, इथं नाटक चाललंय का?' हमाल हसले. — मले? मले काय वाटनार! काही नाही वाटलं. — म्हनलं ना, काही नाही!

आन् मंग झालं काय? पेरनी तोंडावर, उंद्रीचे लोक वावर तयार करून बसेल, सहदेव रस्त्यावर उभा, आन् गाडी पुन्याच्या उंद्रीत, बिल्डिंगीच्या मंधात! आपली उंद्री इथून घंटाभर बी नाही. तिथला वाचमन म्हने, हरभरा? इथी? चौथ्या दिवशी गाडी वापस आली, तवरिक वावरातली ओल उडाली. — तुमी म्हनता, महिन्यातून चार खेपा उंद्रीले जानारा मानूस, त्याले समजलं नाही का? समजलं होतं. म्हून तं इचारलं त्यानं —

— काही नाही. चहा घ्या, निवते. — असंच म्हनलं. — कोनाले म्हंजे… मले. मले इचारलं. झालं? गेटाच्या बाहीर गाडी लावून फोन केला, मी आत दहा पावलावर बसेल. म्हने, काका, ॲप पुन्याची उंद्री दाखवून राह्यलं, का आपली? दोन्हीकडं माल नेला म्या. आन् मी काय म्हनलो? 'मले नोको इचारू. ॲप दाखवते तिकडं जाय. आता ॲपच तुहा काका.' आन् फोन ठेवला. मनात म्हनलं, जाऊ दे, समजू दे साहेबाले. मले वाटलं फाट्यावर गेल्यावर पुन्हा करन. नाही केला. मेहबूबचं रक्त हाये, दुसऱ्यांदा नाही इचारत. मांगून मी सात फोन केले, एक नाही उचलला. चारशे किलोमीटर तो माह्यावर रुसून गेला साहेब.

फोनाचं त्यानं तुमाले सांगतलं? माहं नाव घेतलं? — नाही ना? पाह्य. तुमी त्याच्या पोटावर पाय देऊन राह्यले, आन् तो माहं नाव झाकून बसला. लाज वाटते मले. आन् तुमी मलेच सही मांगता!

आना तो कागद. पेन आना. — हे अजहर खोडलं. हे निवृत्ती लिहिलं. आता करतो सही, ठसठशीत करतो. काढाचं तं मले काढा. पन काढत नाही तवरिक अजहरची गाडी इथी लागन, मी त्याच्या घरी जाऊन त्याले घेऊन येईन, आन् गेटावर गाव बोलवीन — तुमचं ॲप ऐको का न ऐको.

चला, उठा. तुमची गाडी आत हाये, आन् साखळी म्या सकाळीच लावली. नियम सगळ्याईले सारखा. गाव बोला. — पुने? पुने नाही चालत, पुरं बोला. पुन्यात कुठी? —

काय म्हनले? — उंद्री?

घर तिथी हाये तुमचं? — ॲपमंधी ते गाव कोनं भरलं होतं, साहेब? —

नोका बोलू. जा. काढली साखळी.