ग्लेनिसबाईंच्या पिकअपचा गिअर

जबाब देणार : कोराडो कँपोरियाले. वय ५८ वर्षे. धंदा : गाड्यांच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती, स्वतःचे गॅरेज. राहणार : बंदराजवळ, जेराल्डटन, पश्चिम ऑस्ट्रेलिया.
तारीख : मंगळवार, १४ मे २०१९. वेळ : सकाळी ९.१०. जबाब घेणार : सीनियर कॉन्स्टेबल जोडी हॅलम.

मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन ठाण्यात हजर झालो आहे. समक्ष सांगतो की, ३४ वर्षे मी गिअरबॉक्सचेच काम करतो. गॅरेजचा सरकारी परवाना माझ्या नावावर असून तो सोबत आणला आहे.

श्रीमती ग्लेनिस टकर, वय ७९, राहणार नबावा, या माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्या शेतावर एकट्या राहतात, मेंढ्या पाळतात. त्यांच्याकडे १९९४ सालची पाच गिअरची पिकअप आहे. शेतापासून गावापर्यंत बस नाही. गाडी असेल तरच त्यांचे शेतावर राहणे होते.

शुक्रवार, २६ एप्रिल रोजी त्या गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "कोराडो, हा दांडा म्हणजे खिचडीतला पळा झालाय. कुठला गिअर पडला ते इंजिन ओरडल्यावर कळतं." त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. मी दांडा अडीच इंच आखूड केला, दांडा ज्यात बसतो ते खालचे बुश नवे टाकले आणि बोटीच्या भंगारातल्या पितळेचा चारशे ग्रॅमचा नॉब त्यांचा तळहात मोजून लेथवर काढला. नॉब जड असला की दांडा त्याच्या वजनाने पुढे जातो, हाताला जोर लावावा लागत नाही. हे काम उत्तम झाले होते. आजही तसेच म्हणतो. या शहरात दुसऱ्या कोणाला ते जमले नसते.

या गाडीत रिव्हर्स पहिल्या गिअरच्या शेजारी, डावीकडे पुढे पडतो. चुकून पडू नये म्हणून नॉबखाली एक रिंग असते. ती दोन बोटांनी वर उचलल्याशिवाय दांडा तिकडे जात नाही. ग्लेनिसबाई म्हणाल्या, "ही रिंग उचलताना बोटं रडतात माझी." म्हणून मी रिंग काढून टाकली. तिच्या जागी आत एक कडक स्प्रिंग घातली. जाणत्या हाताला स्प्रिंगचा ताण पुरे, असे मी धरून चाललो. "पहिला टाकताना डावीकडे फार रेटू नका," एवढे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी गिअर टाकतेय, बाळा."

शनिवार, ४ मे रोजी सकाळी १०.२० वाजता त्यांनी गाडी बेकरीसमोर, मागचा हौदा दुकानाकडे करून लावली होती. निघताना गाडी पुढे न जाता मागे गेली आणि बेकरीची काच फुटली. एका गृहस्थांच्या अंगावर खिम्याचे सारण भरलेला गरम 'मीट-पाय' सांडला. जखम कोणाला झाली नाही. ग्लेनिसबाईंनी याच ठाण्यात सांगितले की वयामुळे ब्रेकवरून पाय घसरला आणि गाडी मागे घरंगळली. त्यावरून त्यांचे लायसन्स थांबवले आहे. त्यांची मुलगी कॅरिन पर्थहून आली, तिने आईसाठी वृद्धाश्रमात खोली ठरवली. येत्या गुरुवारी मेंढ्या विकायच्या आहेत.

पिकअप ओढून माझ्याच आवारात आणून ठेवली होती. नऊ दिवस मी तिला हात लावला नाही. दोष पायाचा होता, गिअरचा नव्हता, अशी माझी खात्री होती. शुक्रवारी मच्छीमारांच्या क्लबात माझ्या ओळखीच्या सॅल्व्होने छेडले, "काय रे, तुझ्या हातच्या गिअरने बेकरी उघडली म्हणे?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय. साठी बुद्धी नाठी म्हणतात, इथे तर ऐंशी आली." लोक हसले. मीही हसलो.

काल, सोमवारी, दुपारी दोनच्या सुमारास दुसरी गाडी आत घ्यायची होती म्हणून मी पिकअप पुढे काढायला बसलो. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागे गेली आणि माझी पावसाच्या पाण्याची टाकी फुटली. मी शिवी दिली, ती लिहायची गरज नाही. नंतर इंजिन बंद करून बारा वेळा पहिला गिअर टाकून पाहिला. तीन वेळा रिव्हर्स पडला. दांडा आखूड झाल्याने दोन्ही गिअरमध्ये बोटभर अंतर राहिले होते, आणि नॉबच्या वजनानेच स्प्रिंग दबत होती. माझा हात जाणता आहे. तरी मला कळले नाही.

तसाच नबावाला गेलो. ग्लेनिसबाई ओसरीवर खोक्यांत कपबश्या बांधत होत्या. मी विचारले, "गिअर चुकला हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच क्षणी. हाताला कळतं रे."

"मग पाय घसरला असं का सांगितलंत?"

"तुझा परवाना काढून घेतला असता. या टापूत गिअरबॉक्स उघडणारा दुसरा कोण आहे? माझं काय, आज ना उद्या लायसन्स जायचंच."

"उद्याचं उद्या. आज का द्यायचं?"

"बस खाली, चहा घे. आणि क्लबात काय बोललास तेही पोचलंय माझ्यापर्यंत."

मी चहा घेतला नाही. त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. कॅरिन आत खोकी बांधत होती, ती तिथूनच म्हणाली, "आई, आता हा आणखी काय नवीन काढतोय?" मी तिला सांगितले की मेंढ्यांना गिऱ्हाईक शोधू नका, आईचा पाय माझ्या जिभेपेक्षा शहाणा आहे. तिने खोकी बांधायचे थांबवले की नाही, ते मी पाहिले नाही.

हॅलमबाईंनी विचारले की या जबाबावरून तुमच्यावर कारवाई होऊ शकते, वकील हवा आहे का. मी म्हणालो, "वकिलाला गिअर उलगडता येतो का? नाही ना? मग मीच बरा." पिकअप बाहेर उभी आहे, ओढून आणली आहे. तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. दांडा आणि नॉब जसे होते तसे आहेत, मी काही बदललेले नाही. काढलेली रिंग डबीत घालून जमा करत आहे.

मला लाज वाटते, असेही लिहा म्हणालो. हॅलमबाई म्हणाल्या, "कोराडो, जबाबात घडलेलं लिहितात, वाटलेलं नाही." मी म्हणालो, हे घडलेलेच आहे. त्यांनी लिहिले.

माझी मागणी एवढीच की ग्लेनिसबाईंचा आधीचा जबाब या जबाबाखाली ठेवावा, खरा हा धरावा, आणि त्यांचे लायसन्स गुरुवारच्या आत परत द्यावे. परवाना टेबलावर ठेवला आहे. त्याचे काय करायचे ते कायद्याने करा.

वरचा मजकूर हॅलमबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, एक जागा सोडून. रिंगच्या ठिकाणी त्यांनी आधी "नजरचुकीने काढली गेली" असे लिहिले होते. त्या म्हणाल्या, "हे राहू दे, तुला हलकं जाईल." मी नको म्हणालो. तो मजकूर खोडून त्या जागी "मी काढून टाकली" असे लिहून घेतले, आणि खोडलेल्या जागी वेगळी सही केली आहे.

(सही) कोराडो कँपोरियाले
समक्ष : (सही) जोडी हॅलम, सीनियर कॉन्स्टेबल