निळी घार, अंक दुसरा

दीपाली : आत्या, दार लावू नका. हे पुस्तक बाबांनी तुमच्यासाठीच ठेवलं होतं. एवढं बघा, मग खुशाल हाकला मला.

कस्तुराबाई : कशाचं पुस्तक?

दीपाली : 'निळी घार'. बाबांच्या चित्रकथेचा दुसरा अंक.

कस्तुराबाई : अगं बाई! ह्याच्यापायी माझं लगीन मोडलं, अन् अडतीस वर्सांत मी हे डोळ्यांनी बघितलं न्हाई. तुझ्या आज्यानं, आप्पांनी, सगळे गठ्ठे चुलीत घातले व्हते.

दीपाली : बाबांनी हा एक लपवला होता. पण लग्न नेमकं कशानं मोडलं, ते कधी बोलले नाहीत.

कस्तुराबाई : कसा बोलंल! त्या येड्यानं हे छापाया टाकलं ते उदगीरच्या त्याच छापखान्यात, जिथं माझ्या लग्नाच्या पत्रिका व्हत्या. देगलूरचे व्याही पत्रिका तपासाया गेले, तर पत्रिकांच्या शेजारी ही पानं वाळत घातलेली. त्यातल्या घारीला हनुवटीवरच्या तिळासकट माझं तोंड! म्हनले, असली उंडगी पोरगी नको आमाला.

दीपाली : उघडून तर बघा.

कस्तुराबाई : (पानं उलटत) एवढंच? अगं, ही तर अंगभर लुगड्यात हाय! निळा काष्टा, डोळ्यावर पट्टी, पाठीला पंख. मला वाटलं, काय उघडंनागडं काढलं मेल्यानं. ह्ये बघ, किल्ल्यावरून उडून राहिली. लई ब्येस काढलंय गं.

दीपाली : चित्राचाच राग होता ना तुम्हाला?

कस्तुराबाई : चित्राचा कशाला? पाव्हणे दारात वाट्टेल ते बोलून राहिले, मी कवाडाआड उभी. वाटलं, राजू आता म्हनंल, माझी बहीन हाय, तोंड सांभाळा. त्यानं हात जोडले. चुकलं म्हनला, पुन्हा पेन्सिल धरनार न्हाई म्हनला. माझ्यासाठी एक सबद न्हाई. मग मला बिजवराला दिलं, तवाबी गप.

दीपाली : खरंच धरली नाही त्यांनी. मी चित्रकलेची वही काढली, की उठून जायचे.

कस्तुराबाई : इथं शेवटी काय लिवलंय? चष्मा आत राहिला.

दीपाली : भुयाराचं दार बंद होतं, निळी घार आत अडकते. 'कशी सुटेल? वाचा अंक तिसरा.'

कस्तुराबाई : अन् तिसरा?

दीपाली : काढलाच नाही.

कस्तुराबाई : बरा हाय की शहाणा! तिला कोंडून ठिवलं अन् आपन मोकळा. थांब, मी येते तुझ्यासंगं. समोर बसवून असं भांडनार हाय त्याच्याशी! लई साठलंय. मग इचारते, पुढं काय व्हनार व्हतं म्हनून. अगं, तू काऊन रडून राहिलीस?

दीपाली : आत्या, बाबा पहाटे गेले. दारात तोंडातून निघालंच नाही माझ्या. तुम्ही आल्याशिवाय माती द्यायची नाही, म्हणून सगळे बसून आहेत.

कस्तुराबाई : मग आता मी भांडू कुनाशी गं?